बाबांचा कोटातला फोटो

३ नोव्हेंबर २०२४, देऊळगाव राजा
बुलढाणा जिल्ह्यातल्या उपेक्षित कवींनो! पुण्याच्या परीक्षकांनी आपल्याला पुन्हा डावललं. म्हणे कविता ठीक, उच्चार गावठी. ही डायरी कुणी वाचणार नाही, पण भाषणाची सवय मोडू नये.
संकल्प : बुलढाण्याची ओपन माइक स्पर्धा जिंकायची. कविता 'बाप'. फोटो स्टुडिओ फक्त पोटापुरता.

९ नोव्हेंबर
बाबा लग्नातला कोट समोरच्या शकूरचाचा टेलरकडून सैल करून घेऊन आले. म्हणाले, "मेलेल्या मानसाच्या आधार कार्डावरच्या फोटोले तू परक्याचा कोट चिटकवतो. मले माहाच पाहिजे. जित्तेपनी काढ, लेका."
उद्या काढू म्हटलं. 'बाप'चा शेवट सुचत होता.

१० नोव्हेंबर
मूड नव्हता. बाबा तासभर स्टुलावर बसून गेले. समोरच्या दुकानातून शकूरचाचा ओरडले, "कविसाहेब, बाप समोर बसेल हाय अन् तुमी कागदात काय हुडकून राह्यले?"
टेलरला कलेचं काय कळणार!

२४ नोव्हेंबर
बुलढाणा. बाबांना एसटीनं सोबत नेलं, नेहमीसारखं माझे फोटो काढायला. बजावलं, हात वर गेला की क्लिक. 'बाप' ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या. तिसरा नंबर. निव्वळ राजकारण.
परतताना बाबांना धाप लागत होती. म्हणाले, "आता माहा काढतो का?" संक्रांतीला नवी लेन्स येतेय, तेव्हा नक्की.

२ डिसेंबर
बाबांच्या छातीत दुखतंय. गॅस असावा. प्रोफाइल फोटो बदलला. ९४ लाइक.

५ डिसेंबर
बाबा गेले.

१६ डिसेंबर, दुपार
उद्या तेरवी. आईनं फोटो मागितला. म्हणाली, "त्यायनं किती डाव म्हटलं व्हतं तुले?" हार्ड डिस्क उघडली. बाबांनी काढलेले चारशे बारा फोटो. सगळ्यांत मी. फोकस अचूक, हात प्रत्येक वेळी वर. बाबांचा एकही नाही.
शेवटी आधारचा घेतला. त्यांचा कोट खुंटीवरच होता. रिकाम्या कोटाचा फोटो काढला. सकाळपासून त्यात बाबांना बसवतोय. मान जुळत नाही.

कवींनो, तुमचे फोटो जो काढतो, त्याच्या हातातून कॅमेरा घ्या. त्याला समोर बसवा. एक फोटो काढा. आज.