बकहॉर्नच्या आगीला दोन प्रमुख

जत्रेचं मैदान, बकहॉर्न आगीचा तळ
(डुकरांच्या स्पर्धेचा मांडव, पूर्वेकडचा कोपरा)

आदरणीय आर्डिथमावशी,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि अजून अंडी देत असतील तर कोंबड्यांनाही माझा नमस्कार. डावा गुडघा पाऊस सांगायचा आणि उजवा पाहुणे, अशी त्यांची वाटणी होती. दोघांचंही बरं चाललं असेल अशी आशा आहे. पत्र पाहून दचकू नकोस. टेलिफोनचे खांब परवाच जळाले, नाहीतर फोनच केला असता. माझी तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे, त्यामुळे तो तब्येतीत धरत नाहीत. डोंगरावर आग, खाली राख, आणि भर दुपारी आकाश पिकल्या भोपळ्याच्या रंगाचं. काल हरणांचा एक कळप शांतपणे तळावर आला आणि आमच्या फिरत्या संडासांच्या सावलीत बसून राहिला. एकही कुत्रं भुंकलं नाही.

आपल्या धंद्याची रीत तुला नव्याने सांगायला नको. उभा जन्म तू ती जेवणाच्या टेबलावर ऐकलीस. मोठ्या आगीला एक प्रमुख, त्याच्या हाताखाली खाती, आणि ज्याच्या त्याच्या पाठीवर खात्याचं नाव छापलेलं जाकीट. यंदा प्रमुख म्हणून राजधानीहून ट्रेडवेबाई आल्या आहेत. बाई करड्या आहेत, पण सरळ. (त्यांना कॉफी उकळतीच लागते. कोमट दिली तर कपाकडे असं बघतात की कपच शरमेने तापतो.) नियोजनवाले नकाशे रंगवतात. सुरक्षावाला कधी हसत नाही आणि सगळ्याला मनाई करतो. आणि मी, तुझा भाचा वुडी, रसद. म्हणजे मोजे, सँडविच आणि वर सांगितलेले संडास. मोठं पद आहे, मावशी. माणूस प्रमुखाशिवाय एक दिवस लढेल, कोरड्या मोज्यांशिवाय तासभरही नाही.

घोटाळा नावापासून सुरू झाला. आग जिथे लागते त्या जागेचं नाव तिला देतात, आणि रेडिओवर माणसाला नावाने हाक मारत नाहीत, आगीच्या नावाने मारतात: "बकहॉर्न प्रमुख, बकहॉर्न प्रमुख." ज्या आगीत आपलं माणूस गेलं तिचं नाव पुन्हा कुठल्या आगीला द्यायचं नाही, हाही आपला जुना नेम. तीन वर्षांपूर्वी बकहॉर्नच्याच आगीत क्लेटनकाका, अंगात प्रमुखाचं जाकीट आणि हातात कॉफी असताना, तंबूतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पण यंदा नियंत्रण कक्षातली मुलगी नवी, पथक परगावचं, आणि आग लागली बकहॉर्नच्याच खिंडीत. तिने नकाशात वाचलं आणि नाव देऊन मोकळी झाली. आम्हा गाववाल्यांच्या लक्षात येईपर्यंत पाटीवरचा रंग वाळला होता.

पहिल्या दिवशी कड्यावरच्या तुकडीने हाक दिली, "बकहॉर्न प्रमुख, ऐकताय का?" ट्रेडवेबाईंनी बटण दाबायच्या आत कुणीतरी तीनदा खाकरलं आणि म्हणालं, "ऐकतोय रे पोरांनो, बोला." मावशी, ते खाकरणं मी लहानपणी तुमच्या न्हाणीघराच्या दारातून रोज सकाळी ऐकलंय. माझ्या हातातली सँडविचची परात खाली गेली. तेवढ्यात रेडिओ पुढे म्हणाला, "आणि वुडी, पोरांना सुकी सँडविच पाठवू नकोस. मोहरीचा सॉस लाव." मी लावली. काय करणार? हुकूम प्रमुखाचा होता.

बाईंना वाटलं कुणी टवाळ आहे. त्यांनी वाहिनी बदलली. नव्या वाहिनीवर काका आधीच येऊन बसले होते. मग त्यांनी तंबूतला रेडिओ बंद केला, बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून त्याच्यासमोर बसल्या. आम्ही सगळे मागे उभे. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या रिकाम्या रेडिओतून आवाज आला, "वुडी, बॅटरी घाल बाबा. फार खरखरतंय." सुरक्षावाल्याने त्या दिवसापासून टोपी दोन्ही कानांवर ओढून घेतली आहे. मात्र बाईंची कमाल. त्या फिकट पडल्या, पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन प्रमुख असले तर काय करायचं हे नियमात आहे. संयुक्त प्रमुखपद. दोघांची हद्द वेगळी असली म्हणजे झालं." नियोजनवाला हळूच म्हणाला, "हद्द तर वेगळी आहेच, बाई."

तेव्हापासून सकाळच्या सभेत एक खुर्ची रिकामी असते आणि तिच्यावर रेडिओ. (खुर्चीत कुणी बसत नाही, तरी तिची गादी दबलेली असते. ती मी झटकत नाही.) काका नेहमीसारखं पहिलं कलम सांगतात: सगळी पोरं घरी परतली पाहिजेत, बाकी डोंगर गेला चुलीत. बाई मान डोलावतात. खरं सांगतो, पहिले दोन दिवस तळ इतका शहाण्यासारखा चालला की मला वाटलं, राहू दे काकांना. कुणी भांडेना, कुणी उशिरा येईना. त्यांच्यासमोर उशिरा यायची हिंमत जित्याजागत्यांना कधी झाली होती!

पण काका लढताहेत ती आग तीन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा वारा पश्चिमेचा होता. यंदा तो पूर्वेकडून उलटणार आहे. त्यांनी कड्यावरच्या तुकडीला सांगितलंय, "पाठीमागच्या जळक्या रानात बसून राहा. जळलेलं पुन्हा जळत नाही." ते रान तेव्हा जळून कोळसा झालं होतं, हे खरं. आता तिथे छातीएवढी झुडपं आहेत, आणि पावसाचा थेंब नसल्याने ती पापडासारखी वाळली आहेत. आणि मावशी, त्या तुकडीची म्होरकी तुझी लेक आहे, आपली डेल्फीन. हे मी चार पानं टाळत होतो.

बाईंनी तिला खाली यायचा हुकूम दिला. डेल्फीन म्हणाली, "प्रमुखांनी इथंच थांबायला सांगितलंय." बाई म्हणाल्या, "प्रमुख मी आहे." डेल्फीन म्हणाली, "त्यांनी तुम्हाला पद दिल्याचं मी ऐकलं नाही." नियमाने पोरीचं बरोबर आहे. जुन्या प्रमुखाने नव्याला सगळी परिस्थिती तोंडी सांगायची, नव्याने "घेतलं" म्हणायचं, जुन्याने "दिलं" म्हणायचं, आणि ते रेडिओवर सगळ्यांनी ऐकायचं. तीन वर्षांपूर्वी ते झालंच नव्हतं. कुणी कुणाला विचारणार होतं?

म्हणून काल दुपारी मीच वर गेलो, पाठीवर जेवणाच्या पेट्या घेऊन. धुरात वाट दिसत नव्हती, एक पाखरू बोलत नव्हतं, आणि कमरेचा रेडिओ मला सांगत होता, "डावीकडून ये, वुडी. बुटाची नाडी सुटलीय तुझी." खाली पाहिलं. सुटली होती. मी ती बांधली आणि डावीकडून गेलो.

डेल्फीन वाळक्या झुडपांच्या मधोमध दगडावर बसली होती, रेडिओ कानाला लावून. हसत होती. दहा वर्षांची असताना हसायची तशी. मी म्हटलं, "डेल्फीन, वेडी आहेस का? हे रान बघ जरा! आजूबाजूला सगळं सरपण आहे."

"दिसतंय मला."

"मग ऊठ."

"वुडी, खाली खिंडीत त्यांचा आवाज तुटतो. इथे स्वच्छ येतो. मी तीन वर्षांनी ऐकतेय. परवा उठते."

"परवा वारा उलटणार आहे, बये!"

"मग माझी माणसं घेऊन जा," ती म्हणाली. तिची माणसं माझ्याकडे बघत सँडविच खात राहिली. एकही उठला नाही. म्होरकीला सोडून यायची त्यांची रीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तो आवाज आवडायला लागलाय. मी एकटाच खाली आलो आणि येताना रडलो, हे लिहून टाकतो, म्हणजे ते मनातून जाईल.

आज सकाळी ट्रेडवेबाईंनी शेवटचा उपाय केला. खुर्चीसमोर ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, परिस्थिती सांगा. पद मी घेते." काकांना आनंदच झाला. सांगू लागले. कुठली तुकडी कुठे, कोणता बंब कुठल्या वळणावर. नावं सगळी निवृत्त झालेल्यांची, बंब कधीच भंगारात गेलेले. तरी बाई एकेक शब्द ऐकत होत्या. शेवटी ते म्हणाले, "आणि आता एवढंच राहिलं, की... थांबा हं बाई, जरा छातीत..." पुढे नुसती खरखर. मग तीनदा खाकरणं, आणि "हं, तर परिस्थिती अशी आहे" म्हणून पहिल्यापासून सुरू. आम्ही ते चारदा ऐकलं. चारही वेळा ते तिथेच अडले. पाचव्यांदा बाई बाहेर गेल्या आणि हरणांपाशी उभ्या राहिल्या.

निघालं ते असं, की काकांना पुढचं कुणीतरी सांगायला हवं. आग विझली, पोरं उतरली आणि तुम्ही गेलात, हे. कुणी सांगायचं, यावर सभा बसली. सुरक्षावाला म्हणाला, हे माहिती खात्याचं काम. माहितीवाला म्हणाला, मी वर्तमानपत्रांशी बोलतो, या लोकांशी नाही. नियोजनवाल्याने तक्ता पाहिला आणि मृताच्या घरच्यांची व्यवस्था रसदीकडे येते असा शोध लावला. सगळे माझ्याकडे वळले. मी रेडिओ हातात घेतला, बटण दाबलं, आणि म्हटलं, "काका."

"बोल वुडी."

"काका... मोहरी संपली."

"मग आणव," ते म्हणाले. एवढीच माझी मर्दुमकी.

बाकी सर्व क्षेम. कोंबड्यांना धूर सोसत नाही, त्यांना रात्री आत घेत जा. शेजाऱ्यांना नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक,
वुडी

ता. क. हे पत्र घेऊन येणारा ऑर्व्हिल गाडी चालू ठेवूनच तुझ्या फाटकाशी उभा असेल. त्याला आत बोलावू नकोस, खायला देऊ नकोस, तूच गाडीत बस. वारा उद्या दुपारी उलटणार आहे. कोंबड्या मरोत.

आणखी एक. तुला फक्त रेडिओवर काकांशी बोलायचंय. आग तीन वर्षांपूर्वीच विझली, एकही पोर भाजलं नाही, आणि आता पद बाईंना द्यायचं, एवढं त्यांना सांग. त्यांनी "दिलं" म्हटलं की बाई डेल्फीनला उतरवतील. ट्रेडवेबाईंनी त्यासाठी फार व्यवस्थित वाक्य लिहून दिलंय, सोबत जोडतो. ते वाचू नकोस. तुझ्या भाषेत बोल. रडू आलं तर रड. डेल्फीन वर ऐकत असेल, तिलाही रडू दे, रडत रडत का होईना, उतरेल.

आणि शेवटचं, मावशी, पाया पडून सांगतो. तोंडात काहीही येऊ दे, सवयीने "आता घरी या" तेवढं म्हणू नकोस. तुझं ते ऐकतात.