माझ्या नावाची भंगुरतारा

३ नोव्हेंबर

एक्केचाळीस नंबरच्या बरणीत काहीतरी गडबड आहे. पण डोळे थकलेत. उद्या.

४ नोव्हेंबर

गडबड आहेच!

वही नवी आहे, म्हणून आधी सांगून टाकते. मी प्रवाळात राहणाऱ्या भंगुरतारा ओळखते. पगार त्याचाच मिळतो. भंगुरतारा म्हणजे तारामाशाची सडपातळ बहीण. मध्ये नाण्याएवढी तबकडी, भोवती पाच लांब, लवचिक, काटेरी बाहू. नीट धरली नाही तर बाहू तोडून आपल्या हातात देते आणि स्वतः निघून जाते. अशी माणसंही माझ्या ओळखीत आहेत, पण ते असो.

प्रवाळाच्या फटींत एक मोठी काळी जात राहते. तिच्या बाहूंवर, पोटाखाली, अगदी अंगातल्या चिरांमध्येसुद्धा टाचणीच्या डोक्याएवढ्या पट्टेरी भंगुरतारा बसलेल्या सापडतात. कुणालाही वाटेल, तिचीच पिल्लं. काल बरण्या ठेवताना आमचा पाणबुड्याही म्हणाला, "ताई, जपून हं, लेकुरवाळी आहे." पण जबड्याची ठेवण साफ वेगळी. म्हणजे तिची नव्हेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, ते दाखवून दिलं आणि त्या बारक्यांना वेगळी जात ठरवलं. काळीच्या अंगावर पाहुणी म्हणून राहणारी, आयुष्यभर बारकीच राहणारी जात. बाईंनी आयुष्यात नाव दिलेली ही एकच. आणि नाव दिलं माझं! त्याला लॅटिन शेपूट लावून.

मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच बाईंच्या हाताखाली आलेली. आई त्याच वर्षी गेली होती. मी कुणाशी बोलत नव्हते. ओल्या कुंचल्याने त्या बारक्या काळीवरून सोडवत बसायचे, एकही बाहू न मोडता, दिवसच्या दिवस. एके दिवशी बाईंनी छापलेला लेख टेबलावर ठेवला आणि चहाला गेल्या. मी वाचला आणि बसल्या जागी रडले. (लग्न ठरल्यावर सासूबाईंना हे कळलं. म्हणाल्या, "किड्याला सुनेचं नाव? बरं दिसतं का ते?")

तर बरणी एक्केचाळीस. काळीच्या बाहूंमध्ये एक पट्टेरी आहे, पण ती बारकी नाही. शर्टाच्या बटणाएवढी आहे. जबडा, पट्टे, सगळं माझ्या नावाच्या जातीसारखं. आणि एका बाहूवर तिसऱ्या सांध्याशी एक काटा टोकाला फुगलेला. गदेसारखा.

असा काटा इथे एकाच जातीला असतो. मोठी पट्टेरी, गदावाली. ती सगळीकडे सापडते, दीडशे वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे.

पुढचं लिहीत नाही.

६ नोव्हेंबर

लिहिते. न लिहून काय बदलणार आहे?

बारक्या म्हणजे गदावालीची पिल्लं असावीत. लहानपणी गदा नसतेच, मोठेपणी फुटते. पोरवयात काळीच्या अंगाखांद्यावर वाढतात, मोठी झाली की आपल्या वाटेने जातात. म्हणून "मोठी बारकी" कधी कुणाला सापडली नाही. ती मोठी झाली की आपण तिला दुसऱ्याच नावाने ओळखत होतो!

हे खरं असेल तर माझ्या नावाची जात नाहीच. बाईंची एकुलती एक जातही नाही.

७ नोव्हेंबर

बाहूची टोकं ब्लीचच्या थेंबात टाकली. मांस विरघळलं, सांधे सुटे झाले. टाचणीएवढीपासून तळहाताएवढीपर्यंत अकरा जणी ओळीने मांडल्या. काटे मोजले. तीन, तीन, तीन, चार, चार... कुठेही उडी नाही. शाळेच्या फोटोत एकच मुलगी दरवर्षी दिसावी तसं.

मग कपाट उघडून मूळ नमुना काढला. जिच्यावरून बाईंनी जात ठरवली ती. बरणीत एक छोटी नळी, नळीत ती. बरणीच्या काचेला आतून चिकटलेली बाईंची चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीला हात लावला नाही. नळी तेवढी चिमट्याने उचलली.

तिसऱ्या सांध्यावरचा काटा फुगलेला नाही. पण बाकीच्यांपेक्षा किंचित जाड आहे. किंचितच. असं काही शोधायचं आहे हे माहीत असेल तरच दिसतं.

पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा दिसलं.

९ नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. आधी हसला. "म्हणजे तू रद्द?" मग त्याने माझं तोंड पाहिलं. भांडी घासता घासता म्हणाला, "अगं, तुझ्या त्या यादीत तीनशे ओळी. एक जास्तीची राहिली तर कोण बघतंय?"

प्रवाळातल्या प्राण्यांची नवी यादी महिनाअखेर द्यायची आहे. त्यात माझं नाव ठेवायचं की काढायचं ते मीच ठरवायचं. दुसरं कुणी बघणार नाही हे खरंच आहे. जगात ही बारकी ओळखणारी माणसं किती? मी, बाई, आणि एक म्हातारा जो पत्राला उत्तर देत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही नकोय. पन्नाशीला आले, मूलबाळ नाही, घरावर पाटीसुद्धा ह्याच्या नावाची. कुठे तरी समुद्रात आपल्या नावाचं काही तरी हलतंय याचा मला आनंद होता. होता म्हणजे, आहे. कुणाला कधी बोलले नाही, पण होता.

१२ नोव्हेंबर

बाईंकडे गेले. दर बुधवारी जातेच.

दारात बाईंचा मुलगा. मी म्हटलं, "दादा, आज कामाचं थोडं बोलायचंय. त्यांना आवडेल असं नाहीये." त्याने दार ओढून घेतलं. म्हणाला, "मग नको बोलूस. डोळे गेले, पाय गेले. सकाळी उठली की आधी त्या चित्राकडे तोंड करून बसते. दिसत नाही, तरी बसते. तेवढंच एक आहे तिच्यापाशी."

ते चित्र म्हणजे बाईंनी काढलेलं माझ्या नावाच्या भंगुरतारेचं रेखाटन. चौकटीत, पलंगासमोर. खाली बारीक अक्षरात नाव.

बाई खुर्चीत. गुडघ्यांवर शाल. "आलीस? काय नवीन?"

"काही नाही बाई. नेहमीचंच."

"खोटं बोलताना तुझा आवाज चढतो," बाई म्हणाल्या. पण पुढे विचारलं नाही. बिस्किटं खाल्ली. हवेबद्दल बोललो. मी आणि बाई, हवेबद्दल!

१४ नोव्हेंबर

आज काही लिहायचं नाही.

१५ नोव्हेंबर

मीही एका बाहूवर बसूनच मोठी झाले. बाई माझ्या कोण? रक्ताच्या कुणी नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज त्यांनी चार वेळा फाडला आणि पाचव्यांदा सही केली. मला ताप आला तेव्हा त्यांच्याच घरी आठ दिवस होते. एकदा मी बरणीतली जुनी चिठ्ठी खराब झाली म्हणून फेकली, तेव्हा सगळ्यांसमोर अशी झापली की अजून कान गरम होतात. "जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही! चुकीची असली तरी! नवी लिहायची आणि तिच्या मागे ठेवायची. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, कोणाला कधी काय वाटलं होतं."

सोळा वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी कपाटांच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. आम्ही सगळे हार घेऊन बाहेर ताटकळत उभे. बाहेर आल्या, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "नीट बघत जा."

एवढंच. आणि मी आता नीट बघितलं, तर त्यांच्याशी हवेबद्दल बोलून परत आले.

१९ नोव्हेंबर

सांगितलं.

दादा बाहेर गेला होता. तेवढीच संधी. मी सुरुवात केली, "बाई, त्या बारक्यांचं थोडं..." आणि अडखळले. मग त्यांच्या लेखाची स्तुती सुरू केली, त्या काळी साधनं किती अपुरी होती वगैरे. बाईंनी हात वर केला.

"गोलगोल फिरू नकोस. जबड्यापासून सुरू कर."

मग सांगितलं. त्यांना दिसत नाही, म्हणून सगळं शब्दांत. तबकडीवरचे दाणे, दातांची रांग, सांध्यागणिक काटे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, बोटं शालीवर मोजत होती.

"किती जणी मांडल्यास?"

"अकरा."

"तबकडीच्या मापात मधली सर्वांत मोठी फट?"

"दीड मिलिमीटर."

"हं. गदा कितव्या सांध्यावर?"

"तिसऱ्या."

"एकच बाहू?"

"एकच, बाई. पण पुरेसा आहे."

शालीवरची बोटं थांबली. मला वाटलं, संपलं. एवढी वर्षं जपलेलं मी एका दुपारी मोडून हातात दिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज न करता. तरी त्यांना कळलं!

"रडतेस कशाला?"

"तुमची एकच तर होती."

"जात होती. ती नाही निघाली. लहान होतं ते मोठं झालं, यात रडण्यासारखं काय आहे?" मग एकदम खुशीत, अशा खुशीत की मी वर्षभरात पाहिली नव्हती: "अगं, पण काय शोधलंस! दुसरीची पोरं सांभाळते ती काळी. स्वतःची नव्हेत हे तिला माहीत तरी असेल का? चिरांमध्ये घेऊन बसते! हे लिही. नाव जाईल ते एका ओळीत. हे पानभर लिही."

मी विचारलं, चित्र उतरवू का.

"का म्हणून? चित्र बरोबर आहे. एक काटा इकडचा तिकडे नाही. खालचं नाव चुकलंय." मग हळूच, "तुला वाईट वाटलं ना, नावाचं?"

"हो."

"मलाही वाटलं," म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. हात थंड होते. मी चोळत बसले. दादा आला तेव्हा आम्ही दोघी हसत होतो. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच त्याला वर बिस्किट दिलं.

रात्रीच्या जेवणाला बसले तेव्हा मनात आलं: गदेचं मी आधी बोलले होते का? जबडा, दात, काटे... बोलले असेन. घाईत होते.

२४ नोव्हेंबर

यादी पाठवली. दोनशे नव्व्याण्णव ओळी. काळीवर पानभर टिपण, त्यात "बाईंनी सर्वप्रथम दाखवल्याप्रमाणे" असं दोनदा. तिसऱ्यांदाही लिहिलं होतं, पण बाईंनीच फोनवर काढायला लावलं. "भजन करू नकोस!"

नवऱ्याने दारावरच्या पाटीवर माझंही नाव घालून आणलंय. न विचारता. अक्षर थोडं तिरकं आलंय. येता-जाता मी पाटीवरून दोनदा फडकं फिरवलं.

२८ नोव्हेंबर

मूळ नमुन्याच्या बरणीत नवी चिठ्ठी घालायची होती. पेन्सिलीने लिहिली: जातीचं खरं नाव, माझी सही, तारीख. झाकण उघडलं. बाईंची जुनी चिठ्ठी काचेपासून चिमट्याने हलकेच सोडवली, मागे जागा करायला.

मागे आधीच एक चिठ्ठी होती. जुनीला चिकटून, इतकी बेमालूम की बाहेरून दिसलीच नसती. बाईंचंच अक्षर. तारीख त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची, मला किल्ल्या दिल्या त्या दिवसाची.

"ही गदावालीची पिल्लं आहेत. माझी चूक. नाव माझ्या पोरीचं आहे. ती ओळखेल तेव्हा तीच काढील. तोवर राहू दे."

माझी चिठ्ठी तिच्या मागे ठेवली. झाकण लावलं. आज शुक्रवार आहे, तरी बाईंकडे निघाले आहे.