बहात्तर सालचे पिंप आणि एक खुर्ची

मी, इग्नास हुमेल, कै. जोसेफ हुमेल यांचा मुलगा, वय एकाहत्तर, धंदा वाइनची पिंपे बनवणे, राहणार ओडिल्सवायलर, कोल्मारजवळ, आल्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध कायम आहे. गुडघे गेले आहेत, पण सही काही गुडघ्यांनी करत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

राष्ट्रीयत्व लिहा, असे नोटरी म्हणाले. मी फ्रान्सच्या राजाच्या राज्यात जन्मलो, फ्रान्सच्याच सम्राटाच्या राज्यात पिकू लागलो, आणि अठराशे सत्तर सालची लढाई संपल्यावर जर्मन कैसरचा प्रजाजन झालो. एवढ्या काळात मी घर सोडा, पलंगसुद्धा हलवलेला नाही. तेव्हा ती ओळ कोरी सोडतो आहे.

कलम १. मला ओडिलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शेजारी पुरावे. आमच्या चर्चची घंटा वाजवणारा नाझेर कोल्ब गावातल्या प्रत्येक शवपेटीत फ्रान्सच्या झेंड्याची निळी-पांढरी-लाल फीत गुपचूप सरकवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, फौजदारालाही आहे. माझ्या पेटीत फीत नको. या फितींनी मला काय दिले ते पुढे येईलच. नाझेर हे वाचून तोंड वाकडे करेल, करू दे.

कलम २. घराच्या छतावरचा पत्र्याचा कोंबडा माजी गावप्रमुख थिएबाल्ट लोर यांना द्यावा. बहात्तरच्या उन्हाळ्यात चौकातल्या लिंडनच्या झाडाखाली उभे राहून ते म्हणाले होते, "फ्रान्सला जायचं तर सगळं गाव एकदम जाऊ, एकही चूल पेटती ठेवायची नाही." दुसऱ्या आठवड्यात ते नव्या जर्मन जिल्हाधिकाऱ्याच्या पंगतीला होते. वारा ओळखण्यात त्यांचा आणि कोंबड्याचा हातखंडा सारखाच आहे. दोघांचे जमेल.

कलम ३. घर माझा एकुलता मुलगा आलोइस याला. नोटरी म्हणाले, "हुमेलबुवा, त्याच्या नावावर दंड आहे. घर त्याच्या नावावर झालं की सरकार जप्त करील." मी म्हणालो, "तरी मी लिहिणारच. जप्त करायला येतील तेव्हा कागदावर त्याचं नाव तरी वाचावं लागेल त्यांना."

दंड कसा बसला ते लिहून ठेवतो, कारण गावात त्याची भलतीच कहाणी झाली आहे. लढाईनंतरच्या तहात असे ठरले होते की ज्याला फ्रेंच राहायचे असेल त्याने तसे लिहून द्यावे आणि बहात्तरच्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेच्या आत बिऱ्हाड उचलून फ्रान्समध्ये जावे. आलोइस तेव्हा अठराचा. प्रशियाच्या, म्हणजे कैसरच्या, सैन्यात त्याला जायचे नव्हते आणि मलाही त्याला पाठवायचे नव्हते. एकवीस पुरी न झालेल्या मुलाची सही बापाने करायची, म्हणून मी दोघांसाठी सही केली. तो सप्टेंबरात डोंगर ओलांडून पलीकडे फ्रान्समध्ये गेला. निघताना म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि आई कधी निघताय?" मी म्हणालो, "द्राक्षं उतरली की."

ऑक्टोबरात द्राक्षे उतरतात. कागद लिहिणारे साहेब बर्लिनचे असोत की पॅरिसचे, द्राक्षमळ्यात त्यांच्यापैकी कोणी राबलेले नसावे. भरला मळा टाकून जाणारा माणूस आमच्याकडे जन्माला यायचा आहे. आणि साऱ्या गावाच्या पिंपांच्या पट्ट्या त्याच महिन्यात माझ्याकडे ठोकायला येतात. द्राक्षे उतरली, मग वाइन आंबत होती, मग ओडिल आजारी पडली आणि ईस्टरच्या आधी गेली. मी हललो नाही, म्हणून माझी सही रद्द ठरली, आणि माझी ठरली म्हणून पोराचीही. तो कैसरचा फरार शिपाई ठरला आणि नावावर दंड बसला. गावात पाऊल टाकले तर बेड्या. आईच्या मातीला त्याला येता आले नाही. आज कोणी विचारले तरी मी हेच म्हणेन की पिकलेला मळा टाकून जायचे नसते.

कलम ४. तळघरातल्या कोपऱ्यातले मोठे पिंप त्याच बहात्तर सालच्या वाइनचे आहे. मी ते विकलेले नाही. त्याला तोंडही लावलेले नाही. माझ्या मयतीला आलेल्या सर्वांनी ते संपवावे. व्हिनेगर झाले असेल तर कोबीवर ओतावे, पण वाया घालवू नये.

कलम ५. माझी हत्यारे, म्हणजे वाकस, दोन रंधे, वाकडी सुरी आणि लाकडी हातोडा, आलोइसला. ती बाझेलच्या मार्गाने पाठवावीत, स्वित्झर्लंडमध्ये कैसरचे कोणी हात घालत नाही. आम्ही बापलेक शेवटचे भेटलो तेही तिथेच, स्टेशनच्या उपाहारगृहात, त्याला आता सात वर्षे झाली. तो अल्जीरियाहून आला होता. देशासाठी घर सोडून आलेल्या आल्सासच्या लोकांना फ्रेंच सरकारने तिकडे जमिनी वाटल्या, त्यातली एक त्याला मिळाली होती. उन्हाने रापला होता. मला आधी ओळखूच आला नाही.

"जमीन कशी आहे?" मी विचारले.

"चांगली आहे, बाबा. ऑलिव्हची झाडं आयती मिळाली. आजोबांच्या वेळची आहेत."

"कोणाच्या आजोबांच्या?"

तो कॉफी ढवळत राहिला. "सरकारनं दिली."

"ते कळलं. सरकारकडं कुठून आली?"

"तिथल्या काबिल जमातीच्या लोकांनी बंड केलं होतं. हरले. दंडात गेली." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "एक म्हातारा येतो दर हंगामात. कुंपणापाशी उभा राहतो. मागत काही नाही, बोलत नाही. झाडांकडं बघतो आणि जातो. बंदूक दाखवली तरी हलत नाही."

"त्याला कधी बस म्हणालास?"

"तिथं कोणीच म्हणत नाही, बाबा. आमच्या वस्तीत ठरलंय तसं."

राइनपलीकडून आलेल्या जर्मनांना आम्ही श्वोब म्हणतो, आणि ते प्रेमाने म्हणत नाही. मी म्हणालो, "म्हणजे तू तिकडचा श्वोब झालास की."

त्याने कप बाजूला सारला. "आणि तुम्ही द्राक्षं उतरवत बसलात. सरहद्दीपलीकडं बेलफोरच्या स्टेशनवर मी रोज तिन्हीसांजेला जायचो, तुम्ही येता का बघायला." एवढे बोलून तो उठला. त्यानंतर त्याचे पत्र नाही. मी घातलेली परत आलेली नाहीत, म्हणजे पोचत असावीत.

कलम ६. शेगडीजवळची ओडिलची खुर्ची शेजारीण आउगुस्टे क्रुझे हिला द्यावी. ती श्वोब आहे, पार उत्तर जर्मनीतल्या पोमेरानियाची. नवरा रेल्वेत सिग्नलवर होता, इथेच वारला, इथेच पुरला, म्हणून ती परत गेली नाही. लढाईनंतर खानावळीत आमच्या गावाने एक ठरवले होते: श्वोबला पाव विकायचा, रामराम घ्यायचा, पण घरात बस म्हणायचे नाही. ते कोणी मोडलेले नाही. मीही नाही. मी तळघराच्या पायऱ्यांवरून पडलो तेव्हापासून, दोन हिवाळे, ती रोज बटाट्याचे सूप आणते. मी जेवेपर्यंत दारापाशी एप्रनखाली हात धरून उभी राहते आणि भांडे घेऊन जाते. गावातले दुसरे कोणी येत नाही. नाझेर येतो तो भांडायला.

तिला तशी उभी पाहिली की मला आलोइसच्या कुंपणापाशी उभा राहणारा तो म्हातारा दिसतो. बस म्हणावे असे रोज वाटते, पण जीभ उचलत नाही. मग ती जाते, आणि घर इतके गप्प होते की मी कधी कधी उगाच हातोडा वाजवतो. एकटेपण फार झाले आहे, तेही इथे लिहून ठेवतो. बोललो नाही ते निदान मेल्यावर घडावे, म्हणून ही खुर्ची.

कलम ७. आलोइस, हत्यारांना एक अट आहे. तुझ्या झाडांच्या छाटणीतून एक स्टूल कर, ते कसे करायचे ते तू अजून विसरला नसशील, आणि ते कुंपणापाशी ठेव. जमीन परत दे असे मी सांगत नाही. तेवढे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तू ऐकणारही नाहीस. म्हाताऱ्याला बस म्हण, एवढेच.

पुरवणी. वरचे लिहून झाले आणि दार वाजले. आउगुस्टेचे सूप होते.

"बसा," मी म्हणालो.

तिने वळून मागे पाहिले. "कोण, मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

भांडे ठेवून तिने सरळ माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का तुम्हाला? पाद्रीसाहेबांना बोलवू?"

"पाद्री नको. बसा म्हणतो ना."

ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाव घेऊन पळायच्या बेतातल्या मांजरासारखी. तिने शेगडीकडे हात शेकायला धरले. मग म्हणाली, "इथं ऊब आहे छान. दारापाशी फार वारा लागतो हो."

दोन हिवाळे मी तिला त्या वाऱ्यात उभे केले होते.

कलम सहा तसेच राहू द्यावे, खुर्ची तिचीच. कलम सातमध्ये एवढे वाढवावे: आलोइस, तुझ्याकडे ऊन फार असते. स्टूल सावलीत ठेव.

हे सर्व वाचून, समजून, माझ्या स्वयंपाकघरात सही करत आहे.

इग्नास हुमेल

साक्षीदार:
नाझेर कोल्ब, घंटा वाजवणारा (कलम १ अमान्य, बाकी मान्य)
वालेंटिन रुलमान, भटारी

ठिकाण: ओडिल्सवायलर. देश: लिहिलेला नाही.
संत मार्टिनचा दिवस, ११ नोव्हेंबर १८८९