अर्धा फोटो

वर्सोवा

प्रिय रोशनी,

ही बया पत्र कधीपासून लिहायला लागली, म्हणशील. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरतं. फोन केला की तुझे बाबा उचलतात आणि ती झोपलीय सांगून ठेवतात. तू एवढी झोपाळू नाहीस, माहीत आहे मला. म्हणून पत्र. चुका काढत बसू नकोस.

इकडे सगळं आहे तसं आहे. बोंबील वाळतायत, मांजरी माजल्यात. मी बाजारात बसते, गिऱ्हाइकाशी भांडते, घरी येऊन भात खाते. मीठ घातलं की नाही, ते खाऊन झाल्यावरही कळत नाही. शेजारणी म्हणतात, रड गं, मोकळी हो. मी म्हटलं, तुम्ही रडा, मला सुकट निवडायचीय.

तू पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्यास आणि माझ्या दिपेशची वाट बघत बसलीस, हे कानावर आलंय. त्याचंच बोलायचंय. पण आधी त्या दिवसाचं ऐक, कारण तुला ते कोणी धड सांगितलेलं नाही.

दिपेशची बोट परत आली नाही, तेव्हाची गोष्ट. त्या खेपेला किनाऱ्यावरच राहिलेल्या त्याच्या जोडीदाराने, जयवंतने, नुकताच तो नवा फोन घेतला होता. नेट पळायला लागलं की कोपऱ्यात इंग्रजी ई दिसायचा. आधी फोटो यायला चहा करून पिऊन व्हायचा मावशी, आता बघ कसा झटकन येतो, म्हणून सगळ्या कोळीवाड्यात मिरवायचा. मग खाली रायगडच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं. तिकडच्या पोलिसाने फोटो मेलवर धाडला, जयवंतने तो फोनवर उघडला. त्याच्या खांद्यावरून आम्ही सगळे वाकलेलो. फोटो वरून खाली पट्टी पट्टीने उतरत होता. केस. मग तोंड, त्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग निळा चौकड्यांचा शर्ट. तिथेच अडकला.

हा दिपेशच, सगळे एकदम बोलले. मी म्हटलं, जुहूच्या फुटपाथवरचा शर्ट तो, अर्ध्या वाड्याकडे आहे, मला पाय बघू दे. त्याच्या डाव्या पायाची करंगळी दोरात सापडून तुटलेली, तुला ठाऊकच आहे. पण थांबतोय कोण! जयवंतने त्याच फोनवरून मुलुंडला, तुझ्या माहेरी लावला. फोटो अर्धा होता, बातमी मात्र पुरी पोचली. नवऱ्याला सांभाळ म्हणून लग्नात तुझ्या उजव्या हाताच्या बांगड्या आपण दर्याला दिल्याच होत्या. डाव्या हाताच्या त्या संध्याकाळी तुझ्या घरच्यांनी फोडल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि जयवंत एसटीने तिकडे गेलो. मी पायाकडची चादर आधी उचलली. दोन्ही करंगळ्या जागेवर. जयवंत कानाशी म्हणाला, हो म्हणून टाक ना मावशी, रोशनीला तो गेल्याचा कागद मिळेल, पोरगी सुटेल. वाईट बोलत नव्हता तो. मीही त्या पायांकडे बघत राहिले. पण या पोराची आईसुद्धा कुठल्यातरी बंदरावर उभी असणार ना? मी नाही म्हटलं, बाहेर आले आणि वडापाव खाल्ला. तेव्हापासून आत काही हलतच नाही बघ.

काल जयवंत सांगून गेला, भांडुपचं स्थळ तू परत पाठवलंस. तू म्हणे म्हणालीस, आईंनी स्वतः बघितलंय, तो दिपेश नव्हता. अगं वेडे, तो दिपेश नव्हता, एवढंच मी बघितलं. दिपेश आहे, असं मी कुठे म्हटलं? दोन पावसाळे गेले. माणूस बरा आहे, मी चौकशी केलीय, दारू पीत नाही, आई जरा तोंडाळ आहे, पण तुला सवय आहे. कागदाचं काय करायचं ते तुझे बाबा वकिलाला विचारतील. तू हो म्हण. माझ्यामुळे थांबली असशील, तर मीच सांगतेय, थांबू नकोस. आणि समज, उद्या दिपेश दारात येऊन उभा राहिलाच, तर त्याला भात मी वाढीन आणि सांगेनही मीच, की तिला मी पाठवलं, भांडायचं तर माझ्याशी भांड. तुझा पत्ता देणार नाही.

तुझीच,
कृष्णाबाई

(सासू लिहिणार होते. राहू दे.)