मामाच्या वळणावर

बाळ,
दमून आली असशील. आधी पाणी पी, मग ही चिठ्ठी घेऊन बैस. एक गोष्ट सांगते.

तुझ्या दादाला घेऊन इस्पितळात जाते आहे. नव्या उपचाराच्या चाचणीत त्याने नाव दिलंय. तू अडवलं असतंस, म्हणून बोललो नाही. तुझा चिमण्या शेजारच्या काकूंकडे आहे. त्याचा गुडघा पुन्हा सुजलाय. इंजेक्शन दिलंय, तू बर्फ लाव आणि पळू देऊ नकोस.

चिमण्या जन्मला तेव्हा सगळे हसून म्हणाले, पोरगा मामाच्या वळणावर गेलाय. नाकडोळ्यांबद्दल म्हणाले होते गं. डॉक्टरीणबाई सांगतात, रक्त गोठवणारा घटक नीट न बनण्याचा हा दोष आईकडून येतो. आई बहुधा ठणठणीत असते, भोगतो मुलगा. म्हणजे माझ्याकडून दादाला आला, आणि तुझ्या हातून चिमण्याला. आपण काही निवडून दिला नाही. तेव्हा स्वतःला बोल लावणं आता पुरे.

इंजेक्शनचा गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो. या उपचारात यकृतालाच तो घटक बनवायला शिकवतात. अजून फक्त मोठ्यांनाच घेतात, आणि एकदा घेतल्यावर सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही. मी दादाला म्हटलं, "थांब की जरा, पुढे याहून चांगलं निघेल."

तर म्हणतो कसा, "आई, सगळेच थांबले तर चिमण्याच्या वेळेला निघणार कुठून?"

निजताना देवाचं नाव घेशीलच. त्याच्या मागोमाग दादाचंही घे.

— आई