दाव्याची गाठ

पुणे, रविवार

माय, देवानंदचा जय भीम.

मी बरा आहो, मेसचं जेवणही जमते. सोसायटीच्या गेटवर दिवसभर 'कुत्र्याले पट्टा लावा' म्हणत राह्यतो. काल एकाचं कुत्रं भाजीवालीले चावलं. तो म्हणे, "पट्टा आपोआप सुटला." माझीच मान खाली गेली.

तुनं आपल्या भुऱ्या कुत्र्याले दाव्यानं बांधलं होतं. तरी तो तानाबाईच्या नातीले चावला, तवा मीही सगळ्यायसमोर हेच म्हटलं, मायची गाठ सुटली. तुनं गुमान बोलणी खाल्ली. पोरीचा पाय बरा झाला का?

शेजारची रेणुकाताई सांगे, तवापासून तू गायही दुसऱ्याकडून बांधून घेते. म्हणते, हातात जोर नाही राह्यला.

फोनवर सांगाची हिंमत झाली नाही. त्या दिवशी भुऱ्या केकाटत होता म्हणून मीच त्याची गाठ सोडली. हे तानाबाईच्या घरी वाचून दाखव.

अन् गाय तूच बांधत जा.

तुझा देवा