लिफ्टवाल्याचे सात मजले

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी आज फर्मान काढलं — रोज जिने चढायचे! आतड्याचा कॅन्सर गेला, शेवटच्या इंजेक्शनलाही चार महिने झाले, आता नुसते पडून राहिलात तर थकवा हटायचा नाही, म्हणे. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिने! बायकोनं लगेच मान डोलावली. उद्यापासून पहाटे, शेजारी उठायच्या आत, आमच्याच इमारतीचे सात मजले. तिचे गुडघे कुरकुरतात, म्हणून ती खाली बाकावर बसणार.

४ मार्च
दुसऱ्या मजल्यावरच जीव मेटाकुटीला आला. बटण दाबलं. काय करणार, बोटाला सवय! लिफ्ट आली, बसलो, थेट सातवा. वर पाण्याच्या टाकीमागे दहा मिनिटं काढली. उतरलो मात्र पायी, तेवढा प्रामाणिकपणा आहे माझ्यात. तिनं विचारलं, सात? मी म्हटलं, सात. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

५ मार्च
पुन्हा तेच. टाकीमागे खुर्ची टाकावी म्हणतो.

९ मार्च
अंगाशी आलं! साहेबांचा फोन. मला टेबलावर बसवून तक्रारी लिहून घ्यायचं काम देणार होते. म्हणजे संपलाच की माणूस! पण फोन उचलला बायकोनं, आणि ‘ते रोज सात मजले चढतात’ असं सांगून मोकळी झाली. साहेब खूश. एकतीसला एका सात मजली इमारतीत लिफ्टचे दोर बदलायचेत. हत्यारांची पिशवी घेऊन वरच्या मशीनरूमपर्यंत चढलात तर जुनं काम तुमचं, म्हणाले. आणि दोर बदलताना लिफ्ट बंद! आता कुठलं बटण दाबणार?

१० मार्च
आज खरे तीन. पुढं लिफ्ट.

१४ मार्च
चार! पुढचे तीन लिफ्टनं. पण घरी आल्यावर भूक लागली — खरी, पोटातून आलेली भूक, कित्येक महिन्यांनी. दोनदा मागून घेतलं. बायको तिसऱ्यांदा वाढायला टपूनच बसली होती.

१७ मार्च
पाच. पाचव्याच्या पायरीवर बसून राहिलो. सांगून टाकावं का तिला? वर्षभर हिनं माझ्या उलट्या काढल्या, चादरी धुतल्या, आणि मी हिला मजले खोटे सांगतो. फार लाज वाटली. सांगितलं नाही.

२२ मार्च
सहा! छाती फुटते की काय असं वाटलं. फुटली नाही.

२६ मार्च
सात!!! तीनदा टेकलो, पण सगळे पायी! टाकीजवळ एकटाच हसत सुटलो, वेड्यासारखा. खाली आलो. तिनं रोजच्यासारखं विचारलं, सात? मी म्हटलं, सात. तर हिच्या डोळ्यांना धार! कचरा गेला म्हणाली. कुठला कचरा, कोण जाणे.

३१ मार्च
चढलो! पिशवी खांद्यावर, दोनदाच टेकलो. साहेब मागून धापा टाकत आले. मशीनरूमचं दार उघडलं, तेलाचा वास आला आणि मला भरूनच आलं. दोन मिनिटं उगाच पिशवीतले पाने-पकडी चाचपत उभा राहिलो. सोमवारपासून कामावर.

२ एप्रिल
तिला सगळं कबूल केलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही.
“खाली लिफ्टच्या दारावर मजल्याचा आकडा दिसतो,” म्हणाली. “तुम्हीच बसवलाय ना तो? लिफ्ट कुठं थांबून तुम्हाला घेते ते रोज बघत होते.”
सव्वीस वर्षं याच धंद्यात आणि मला हे सुचू नये! मग साहेबांना सात का सांगितलेस, विचारलं.
“टेबलावर बसला असतात तर तुम्ही पुन्हा उठला नसतात.”
मग भाजीकडंच बघत म्हणाली, “सव्वीस तारखेला तो आकडा शून्यावरून हललाच नाही.”